शिराकावा-गोच्या बसमध्ये भेटलेल्या नागोयाच्या ताईंना थँक्यू

ताई, नमस्कार! नोव्हेंबरात जपानमध्ये ताकायामाहून शिराकावा-गोला, त्या गवती छपरांच्या जुन्या घरांच्या भागात, जाताना आमचं मराठी ऐकून "पुण्याचे का?" म्हणून मागे वळलात ना, तेच आम्ही. तुमचा नंबर नाहीये माझ्याकडे म्हणून इथेच लिहितेय, कोणी ओळखत असेल तर प्लीज पोचवा.

आईचे गुडघे बघून तुम्ही लगेच सांगितलंत की शिरोयामाला, म्हणजे गाव बघायच्या उंच जागेला, शटल बस जाते, चढत जाऊ नका, त्यामुळे तिला वरून शिराकावा-गोमधलं अख्खं ओगिमाची गाव बघता आलं, लालपिवळे डोंगर, कापणी झालेली खाचरं आणि मध्ये ती उंच गवती छपरं. सोबा नूडल्सच्या रस्स्यात मासे असतात हेही तुम्हीच सांगितलंत आणि स्टॉलवर नीट चौकशी करून तिला काठीवर भाजलेली गोहेइ-मोची (भाताची वडी) घेऊन दिलीत.

पण खरं थँक्यू बाबांसाठी. त्यांचं लहानपण भोरकडच्या गवताने शाकारलेल्या घरात गेलं. ओगिमाचीतल्या त्या जुन्या घराच्या माळ्यावर ते वासेच बघत बसले, छपराला एक खिळा नाही, सगळं दोरांनी आणि पिळलेल्या कोवळ्या फांद्यांनी आवळलेलं, धुराने काळंकुळकुळीत. त्यांचे प्रश्न संपेनात आणि तुम्ही प्रत्येक प्रश्न तिथल्या आजोबांना विचारत होतात, जराही न कंटाळता. वर रेशमाचे किडे पाळायचे, खालच्या चुलीच्या धुराने गवताला कीड लागत नाही, साधारण 30-40 वर्षांनी गवत बदलतात, तेव्हा शंभर-दोनशे माणसं जमून एक बाजू दिवसात उरकतात. बाबा म्हणाले, "आमच्याकडे इर्जिक घालायचे तसंच!" ते तुम्ही त्यांना समजावलंत, तर आजोबांनी बाबांचा हात धरून दोराची गाठ कशी मारतात ते दोनदा करून दाखवलं. बाबांना इतकं खुललेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

आणि तुम्ही जाता जाता सांगितलेलं, की युनेस्कोच्या जागतिक वारशात गावाचं नाव 1995 ला लागलं पण गावकऱ्यांनी 1971 मध्येच ठरवलं होतं, घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही, ते बाबा आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आमच्या गावच्या घरावर कधीच पत्रे चढले, म्हणून त्यांना ते जास्त लागलं असणार.

तुम्ही सुट्टीसाठी आला होतात ताई, आणि अर्धा दिवस आमच्यासोबत घालवलात. खूप खूप आभार. बाबा, तुम्ही आणि आजोबा असा एक मस्त फोटो आलाय, कुठे पाठवू ते कळवा.