माल्टा दोन दिवसांत उरकू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला माल्टावरचा लेख वाचला. फोटो सुंदर होते, पण इटलीच्या टूरला जोडून दोन दिवसांत माल्टा आरामात होतं असं त्यात लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. शिवाय गोझो बेटावरच्या त्या दगडी कमानीचा जो मोठा फोटो छापलाय ती कमान ८ मार्च २०१७ ला वादळात समुद्रात कोसळली, आता तिथे नुसता कडा उरलाय. लोक ती बघायला म्हणून पैसे भरतील हो, निदान तेवढी दुरुस्ती तरी छापा.

मी आणि आमचे हे पहिल्यांदा असेच दोन दिवसांसाठी गेलो होतो, जुलैत, टूरवाल्यांबरोबर. ऊन असं की पिवळ्या दगडांच्या भिंतींतून वाफा मारतात आणि सावली कुठेच नाही, कोमिनो बेटावरच्या ब्लू लगून खाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जिच्यासाठी मी मुळात माल्टा निवडलं होतं ती जमिनीखालची पाच हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी, हायपोजियम, तिचं तिकीटच काढलेलं नव्हतं. टूर मॅनेजर म्हणाला गेल्यावर बघू. गेल्यावर काय बघणार? तिथे एका वेळी १० आणि दिवसाला साधारण ८० माणसंच सोडतात, आत हवा आणि ओलावा बिघडू नये म्हणून. पाओला गावात साध्या घरांच्या रांगेत एक दार आहे, त्या दाराला हात लावून परत आले मी, आणि रात्री हॉटेलवर खरंच रडू आलं.

म्हणून तीन वर्षांनी परत गेलो, मार्चमध्ये, आठ दिवस, आपले आपण. ह्यांचे गुडघे दुखतात, वय दोघांचंही साठीपुढे, तरी काही अडलं नाही. अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबईहूनही लहान, आणि इंग्रजी बहुतेक सगळ्यांना येतं.

व्हिसा शेंगेनचाच लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण तेवढं ताणू नका. इन्शुरन्स कमीत कमी ३० हजार युरोचा हवा. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, प्लग मात्र ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा, आपला चार्जर बसत नाही, अॅडॉप्टर इथूनच न्या.

आम्ही स्लीमाला राहिलो कारण समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे. राजधानी व्हॅलेटा म्हणजे उतार आणि पायऱ्या, आणि पायऱ्यांचा दगड झिजून इतका गुळगुळीत झालाय की पाऊस पडला की घसरायलाच होतं, रबरी तळव्याचे बूट घाला. बसने वरच्या वेशीपाशी उतरायचं आणि तिथून खाली चालत यायचं, उलटं करू नका. बंदराच्या बाजूने आलात तर वरच्या बाराक्का बागेत जायला लिफ्ट आहे. दुपारी बाराला त्या बागेखालून तोफ उडवतात, ती ऐकायला दहा मिनिटं आधी कठड्याशी उभे राहा. सेंट जॉन चर्चमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं चित्र आहे, त्याने सही केलेलं हे एकच चित्र, आणि सही केलीय ती चित्रातल्या रक्ताच्या थारोळ्यात. तिथे खांदे गुडघे झाकलेले हवेत आणि टोकदार हिल्स चालत नाहीत.

बसचं तिकीट दोन-अडीच युरो, दोन तास चालतं, मध्ये बस बदलली तरी. पण स्टॉपवर नुसतं उभं राहू नका, हात दाखवा, नाहीतर बस सरळ पुढे जाते, आमच्या पहिल्या दोन तशाच गेल्या. तिसरीचा ड्रायव्हर केरळचा निघाला, आमच्याकडे बघून हिंदीत म्हणाला, बैठिए, स्टॉप आया तो बताऊंगा. गावांची नावं वाचताना इंग्रजी एक्स दिसला की श म्हणायचं, म्हणजे रंगीत होड्यांचं ते मासेमारांचं गाव मार्साश्लोक, हे कळलं की अर्धा गोंधळ संपतो. त्या होड्यांच्या नाकाडावर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले असतात, बघत राहावं असं.

खाण्याचं सांगते कारण शाकाहारी लोक घाबरतात. पास्तीत्सी म्हणून पापुद्र्याची पुरी मिळते, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण, राबातच्या एका दुकानात भट्टीतून काढून कागदावर ठेवली ती हातात धरवत नव्हती, पापुद्रे सगळे माझ्या शालीवर. पण पारी मळताना पूर्वीपासून डुकराची चरबी वापरतात, कुठे मार्गरीन असतं, तेव्हा विचारूनच घ्या. नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं असतं, चालतं, चव मात्र मचूळ.

गोझोला चिरकेव्वा बंदरातून फेरी, २५ मिनिटं, जाताना तिकीट कोणी मागत नाही, परत येताना काढायचं. लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परततात ते चुकतं, दोन रात्री राहा. तिथली जगंतिया मंदिरं इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराची आहेत, पिरॅमिडच्या आधीची, सकाळी पहिल्या वेळेला आम्ही दोघंच होतो. मार्चमध्ये वारा फार असतो, कोमिनोच्या होड्या रद्द होतात, विंडचीटर हवाच.

हायपोजियमचं तिकीट मी या वेळी दोन महिने आधी ऑनलाइन काढलं. आत फोटो काढायला बंदी आहे, मोबाइल जमा करतात. अंधारात खडकाच्या छतावर गेरूने काढलेली वेटोळी एकेक करून दिव्यात उजळतात आणि कोणी बोलत नाही. तेव्हा पुढच्या पुरवणीत एवढी चौकट जरूर छापा, की विमानाच्याही आधी हे तिकीट बघा, आणि मग तारखा ठरवा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व