बाबा, या वेळी मे महिन्यात गरवायला जायचंय

मिनिआपोलिस
रविवार, 8 मार्च 2026

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आज पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे गेली. आजपासून आपल्यात साडेअकराऐवजी साडेदहा तासांचं अंतर. मी सकाळी साडेआठला फोन केला तर तुमच्याकडे सात वाजलेले असतील, म्हणजे आईच्या मालिका सुरू व्हायच्या आत बोलून होईल. तरीही हे पत्रात लिहितोय, कारण फोनवर मी विषय काढला की आई "थंडी किती असेल" एवढंच विचारते आणि बाबा "बघू" म्हणून फोन तिच्याकडे देतात.

तर विषय असा. तुम्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येताय. 9 मेच्या शनिवारी इथला वॉलआय माशाचा हंगाम उघडतोय. त्या शुक्रवारी निघून उत्तरेला व्हर्मिलियन तळ्यावर तीन रात्री राहायचं, असं मी ठरवत आणलंय. केबिनवाल्याशी बोललोय, पैसे अजून भरलेले नाहीत. बाबांचा होकार आला की भरतो.

बाबा, हंगाम उघडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारीच्या अखेरीपासून इथे वॉलआयला हात लावायचा नाही. बर्फ फुटला की हा मासा किनाऱ्याजवळच्या खडकाळ, रेवाळ उथळीवर आणि नद्यांच्या मुखाशी अंडी घालायला येतो, म्हणून. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै होड्या वर ओढलेल्या असतात त्यातलाच प्रकार. शुक्रवारी मध्यरात्री बारा वाजले की बंदी संपली. लोक अंधारात होड्या घेऊन तयार असतात. गव्हर्नरसाहेबसुद्धा दरवर्षी कुठल्यातरी तळ्यावर जाऊन गळ टाकतात, 1948 पासूनची प्रथा आहे. नारळ तेवढा वाहत नाहीत, बाकी आपली नारळी पौर्णिमाच.

आता मेच का आणि जुलै का नाही. आईचा प्रश्न रास्त आहे. जुलैत हवा छान असते, पण तेव्हा मोठा वॉलआय खोल पाण्यात जातो. त्याच्यामागे दिवसभर होडीत हिंदकळत बसावं लागतं. बाबांच्या गुडघ्यांना होडीत चढणं-उतरणंच जड. मेच्या सुरुवातीला मात्र अंडी घालून झालेले मासे, विशेषतः नर, अजून उथळीवरच रेंगाळत असतात. दिवस कलला की छोट्या माशांच्या मागे अगदी सहा-आठ फूट पाण्यात येतात. त्याच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. बॅटरी मारली की पाण्यात दोन दिवे लागल्यासारखे दिसतात. म्हणजे होडीची गरजच नाही, बाबा. केबिनसमोरच्या लाकडी धक्क्यावर खुर्ची टाकायची, मांडीवर घोंगडी, आणि साडेसात ते दहा गळ पाण्यात. सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. आपल्या खाडीवर तुम्ही आणि बाळूकाका भरती लागायची वाट बघत जेट्टीवर बसायचात ना, तसंच. मला हीच वेळ दिसते ज्यात मासा स्वतःहून तुमच्या खुर्चीपर्यंत येतो.

या धक्क्याची एक गोम आहे. हिवाळ्यात बर्फ सरकून खांब मोडतात म्हणून इथे दर ऑक्टोबरात धक्के काढून किनाऱ्यावर रचून ठेवतात आणि बर्फ गेल्यावर पुन्हा लावतात. 9 तारखेच्या आत आमच्या केबिनचा धक्का लागलेला असेल का, हे मालकाला विचारलंय. तो म्हणाला, ते बर्फ कधी जातो यावर अवलंबून आहे. साधारणपणे एप्रिल संपता संपता व्हर्मिलियन मोकळं होतं. पण 2013 साली हंगाम उघडला तेव्हा उत्तरेतली कितीतरी तळी गोठलेलीच होती, लोक किनाऱ्यावर होड्या घेऊन हताश उभे. तसं झालं तर तारीख आठवडाभर पुढे ढकलायची, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

सामानाचं सांगतो. इथे तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बारीक वापरतात, आपल्या तांबोशी माशाच्या तंगुसाच्या निम्म्यानेही नाही. गरीच्या मानेलाच वाटाण्याएवढी शिशाची गोळी ओतलेली असते, तिला जिग म्हणतात. त्याला बोटभर लांबीची जिवंत चंदेरी मासोळी ओठातून टोचायची आणि तळाशी हळूहळू उचलायची, सोडायची. थंड पाण्यात मासा आळशी असतो, झटके दिलेत तर बघतसुद्धा नाही. धक्क्यावरून बसायचं तर तरंगतं बूच लावून सोडू, ते बुडालं की ओढायचं. जून लागला की इथले लोक आमिषाला जळवा वापरतात! दुकानात डब्यात घालून विकायला असतात. पावसात पायाच्या जळवा मिठाने काढणाऱ्या आईला हे सांगून विश्वास बसणार नाही.

परवाना काढावा लागेल, बाबांना परराज्यातल्या माणसाचा. तीन दिवसांचा मिळतो. त्या शनिवार-रविवारी इथे मातृदिन असतो आणि मिनेसोटात राहणाऱ्या आयांना त्या दोन दिवसांत परवान्याशिवाय गळ टाकता येतो. म्हणजे मानसीला फुकट. आई, तू इथली रहिवासी नाहीस म्हणून तुला नाही. यावर तू काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

आता ज्यावरून बाबा माझ्याशी भांडणार आहेत ते. व्हर्मिलियनवर 20 ते 26 इंचांमधला प्रत्येक वॉलआय परत पाण्यात सोडावा लागतो. एकाला चार मासेच ठेवता येतात. म्हणजे हाताला लागलेला चांगला दोन हात भरेल असा मासा तुम्ही स्वतः सोडणार! पण त्या मापातल्या बहुतेक माद्याच असतात, गाभोळीवाल्या. व्हर्मिलियनच्या पश्चिमेला रेड लेक म्हणून मोठं तळं आहे. तिथे नव्वदच्या दशकात एवढा उपसा झाला की वॉलआय जवळपास संपला. ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांची तिथली जमात आणि सरकार दोघांनी मिळून 1999 साली त्याची मासेमारीच थांबवली, पिल्लं सोडली, आणि 2006 मध्ये पुन्हा उघडली. आज तिथे मासा आहे. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीच्या नावाने तुम्ही ओसरीवर जे बोलता तेच हे, फक्त इथे बोलून थांबले नाहीत. खायला पंधरा-सोळा इंचांचे पुरतात आणि चवीलाही तेच बरे.

चवीचं म्हणाल तर मांस पांढरं, काटे कमी, वास नाही. आई म्हणेल, चवच नाही. म्हणून आई, येताना कोकमाच्या आगळाची बाटली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून आण, गेल्या वेळी सगळी शाल लाल झाली होती. मसाला आणि रवा इथे आहे. तळ्याच्या काठावर चूल मांडून तळतात, त्याला फार मान असतो इथे. तव्यावर आगळ लावलेली तुकडी चुरचुरली की शेजारच्या केबिनमधून कोणीतरी विचारायला येईलच.

गाडीने साधारण साडेतीनशे किलोमीटर. वाटेत दोनदा थांबलो तरी पाच तासांत पोचू. शेवटचा टप्पा लोखंडाच्या खाणींचा, उकरलेल्या मातीचे डोंगर अगदी आपल्या कातळाखालच्या मातीसारखे लाल. तळ्याचं नावही शेंदराचंच आहे. संध्याकाळच्या पाण्याच्या रंगावरून ओजिब्वे लोकांनी ठेवलेल्या नावाचं फ्रेंच व्यापाऱ्यांनी भाषांतर केलं, असं सांगतात. व्हर्जिनिया नावाचं गाव (हो, तेच नाव, राज्य नव्हे) तासाच्या आत आहे, तिथे हॉस्पिटल आहे. बाबांच्या गोळ्यांचे दोन संच करून एक माझ्या खिशात राहील.

आणि एक अट. बाबा, धक्क्यावर बसतानाही लाइफ जॅकेट घालायचं. तुम्ही म्हणाल, मी खाडी पोहून जायचो. मान्य. पण ते पाणी कोमट होतं. मेच्या सुरुवातीला इथलं पाणी आठ-दहा अंशांचं. पडल्यावर पहिलं मिनीटभर श्वासच आवरत नाही, माणूस नाकातोंडात पाणी घेतो. दहाएक मिनिटांत हातपाय हलेनासे होतात. पोहता येण्याचा तिथे उपयोग होत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. गेल्या वर्षी तुम्हाला कळवलं नव्हतं. इथे होडी रस्त्यावरून नेताना बुडाचं बूच काढूनच न्यावं लागतं, एका तळ्यातले शिंपले-जंतू दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. धक्क्यावर मागे रांग, हॉर्न वाजतायत, मी भाड्याची होडी पाण्यात ढकलली आणि बूच खिशातच. शंभरएक फूट गेलो असेन, सई म्हणाली, "बाबा, माझे मोजे ओले झाले." खाली बघितलं तर घोट्यापर्यंत पाणी आणि त्यात आमची मासोळ्यांची बादली तरंगतेय. लगेच वळवली, काही झालं नाही. पण सगळ्यांच्या अंगात जॅकेटं होती म्हणूनच मी तिच्यावर न ओरडता शांतपणे वळवू शकलो. तेव्हापासून बुचाला लाल रिबन बांधून ते गाडीच्या किल्लीला अडकवतो.

जानेवारीत आलो होतो तेव्हा माळ्यावरून बाबांची गरीची पेटी काढली होती. सगळं जागच्या जागी होतं, तंगूस मात्र बोटात धरताच तुटली. बाबा म्हणाले, आता कोणाला हवीय. मी काही बोललो नाही. ती पेटी चेक-इनच्या बॅगेत घाला. गऱ्या केबिन बॅगेत चालणार नाहीत. नवी तंगूस मी भरेन, रीळ तुमचंच राहू दे.

धक्क्याचं मालकाकडून एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत कळेल. तुम्ही मात्र पुढच्या रविवारपर्यंत कळवा, कारण त्या आठवड्यातल्या केबिन भराभर जातात.

तुमचा,
निलेश

ता. क. सईने विचारलंय, आजोबा गरीची गाठ शिकवतील का. मी यूट्यूबवरून तीनदा बांधली, तिन्ही वेळा सुटली.