तिकीट सोडवू नका, शिक्का वाचा

महोदय,

जुनी पत्रे सापडली की कोमट पाण्यात भिजवून तिकिटे सोडवा, असा सल्ला छंदांच्या सदरांतून सर्रास दिला जातो. परदेशातल्या भारतीय टपाल कचेऱ्यांमधून आलेल्या पत्रांच्या बाबतीत तो कृपया कोणी पाळू नये.

एडन, मस्कत, बुशहर, बसरा, झांझिबार इथे ब्रिटिश काळात भारताच्या टपाल खात्याच्या कचेऱ्या होत्या. तिकिटे मुंबईत विकली जाणारीच. एडनला स्वतःची तिकिटे मिळाली ती १ एप्रिल १९३७ ला. त्यामुळे तिकीट कुठे वापरले गेले हे केवळ शिक्क्यावरून कळते. शिक्क्यात कचेरीचा क्रमांक असे: रेघांमध्ये १२४ हा आकडा म्हणजे एडन. बी १७२ सिंगापूर, बी १४७ पेनांग, बी १०९ मलाक्का. आकडा निम्मा तिकिटावर आणि निम्मा लिफाफ्यावर पडलेला असतो. तिकीट काढले की पुरावाच तुटतो, आणि पत्त्याची शाई पसरते ते वेगळेच. पाकिटामागचा मुंबईला पोचल्याचा शिक्काही तितकाच मोलाचा, कारण तारीख बहुधा त्यावरच स्पष्ट असते. पाकीट कुजलेच असेल तर शिक्क्याभोवती निदान एक सेंटिमीटर कागद राखून तुकडा कापावा.

विकत घेताना तारखा जुळवून पाहाव्यात. सिंगापूर, पेनांग, मलाक्का इथे सप्टेंबर १८६७ पासून भारतीय तिकिटांऐवजी स्थानिक तिकिटे आली. सुरुवातीची तर भारतीय तिकिटांवरच मुकुट आणि सेंटमधली किंमत छापून केलेली होती. तेव्हा हत्तीच्या मस्तकाऐवजी ताऱ्याचा वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली खूण) असलेल्या, म्हणजे १८८२ नंतरच्या भारतीय तिकिटावर बी १७२ दिसला तर तो नंतर मारलेला समजून बाजूला ठेवावा. उलट, स्थानिक तिकिटांवर हाच आकडा पुढेही मारला जाई, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

सर्वात जास्त फसवणूक ओव्हरप्रिंटमध्ये, म्हणजे तयार तिकिटावर वरून छापलेल्या अक्षरांमध्ये होते. १८९५ मध्ये भारतीय तिकिटांवर ‘झांझिबार’ छापले गेले. त्यात ‘झांझिडार’ अशी चूक झालेली तिकिटे दुर्मीळ, म्हणून नकलाही भरपूर. दहापट भिंगाखाली पाहा: छापलेली अक्षरे आधीची, शिक्का नंतरचा, असाच थर हवा. अक्षरांची शाई शिक्क्यावर चढलेली दिसली तर ते वापरलेल्या स्वस्त तिकिटावर मागाहून छापलेले आहे. ही परीक्षा न वापरलेल्या तिकिटाला लागू पडत नाही. त्यासाठी तज्ज्ञांचे प्रमाणपत्र घ्यावे.

पाकिटे पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नयेत, तिच्यातले तेलकट द्रव्य कागदात उतरते. पॉलिएस्टरची पिशवी घ्यावी. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवावे, कारण ओलीने तपकिरी डाग पडतात. ते ब्लीचने काढायला गेल्यास शिक्का फिका पडतो. आणि हाताळण्याआधी दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन कराव्यात.

— एक तिकीटसंग्राहक, मुंबई