पार्ल्याच्या बाजारातल्या मावशींना, मनीच्या घरून

मावशी,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आमच्या मनी मांजरीसाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल पैशाचं पाकीट घेऊन तुमच्या मासळीच्या पाटीपुढे उभी राहिले, तेव्हा तुम्ही पाटीतला बर्फ सारखा करता करताच म्हणालात, "ते ठेव गो तुज्याकडं. त्यापरीस चार बायांना सांग, मांजर घरात घेतलं तर तिचं पिल्लं बंद व्हायचं ऑपरेशन पण करा म्हणून." म्हणून हे पत्र तुमच्या नावचं असलं तरी चारचौघांनी वाचावं असं लिहिते आहे. तुमचा चष्मा घरी राहतो हे मला ठाऊक आहे, नात मोबाइलवर वाचून दाखवेल.

आमच्या समोरची जुनी तीन मजली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. विलेपार्ल्यात आता हे दर गल्लीत चाललंय. बिल्डरने माणसांना दोन वर्षांचं भाडं दिलं, टेम्पो भरले, लोक गोरेगाव-बोरिवलीला पांगले. मांजरांना भाडं कोण देणार? पत्रे ठोकले, जिना पाडला, आणि तळमजल्यावर कुणाच्या तरी उंबऱ्यात वाढलेली मांजरं चार दिवस त्या ढिगाऱ्यावरच बसून राहिली. मांजराचा जीव माणसाइतकाच जागेतही असतो. जागाच गेल्यावर मात्र ती उठतात आणि नवी माणसं शोधायला निघतात.

मनी आमच्याकडे एका दिवसात आली नाही. आधी एसीच्या बाहेरच्या डब्यावर, मग गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे, मग उंबऱ्यावर पुढचे दोन पाय आत आणि मागचे बाहेर. आम्ही हाकलावं की नाही याचा विचार करेपर्यंत ती सासूबाईंच्या जपाच्या खुर्चीपर्यंत पोचली होती. दाराची चौकट, फ्रिजचा कोपरा, माझी पिंढरी, सगळ्यांवर तिने गाल घासले. मांजराच्या गालांत गंधाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे घराच्या कागदपत्रांवर सह्या करून घेतल्यासारखंच ते. आमची सही कुणी मागितली नाही.

लेकाने आजीला समजवायचा प्रयत्न केला. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला असेल तर ते पुढे माणसाला घाबरत नाही, म्हणजे हिला कुणीतरी लहानपणी मांडीवर घेतलेलं असणार, असं त्याचं म्हणणं. मग तो थेट सायप्रस बेटावर गेला. तिथे साधारण ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलंय. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आलं आणि राहिलं. गाईबैलांसारखं कुणी दावं बांधून आणलं नाही. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही विचारून आली नव्हती." विषय तिथे संपला.

त्या रोज बशीत दूध ठेवायच्या. मनी प्यायची आणि तिचं पोट बिघडायचं. शेवटी मी पहिल्यांदाच तुमच्या रांगेत आले. जन्मात मासळी न घेतलेली बाई कशी उभी राहते हे तुम्हाला लगेच कळलं असणार, कारण मी "मांजरासाठी काहीतरी द्या" एवढं म्हणताच तुम्ही कोयता खाली ठेवलात. "तिरंगी हाय का? कपालावर पिवला डाग?" ती वर्षभर सकाळी तुमच्या पाटाशेजारी येऊन बसायची आणि तुम्ही तिला मांदेलीची डोकी टाकायचात, हे मला तेव्हा समजलं. बिल्डिंग पडल्यापासून ती दिसली नाही म्हणून तुम्ही दोनदा त्या पत्र्यांमागे जाऊन बघूनही आला होतात.

आणि मग तुमचा पुढचा प्रश्न. "पोट बघितलंस काय तिचं?"

नव्हतं बघितलं. आम्हाला वाटत होतं, आमच्याकडचं खाऊन अंग धरतेय.

उभ्या उभ्या तुम्ही जे सांगितलंत ते मी घरी येऊन कागदावर लिहिलं. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, बंद करा. मासळी कच्ची देऊ नका, नुसत्या पाण्यात उकडा, काटा काढा. मीठ नको, हळद नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने मांजराचं रक्त खराब होतं. हे शेवटचं ऐकून सासूबाईंचं मत एकदम बदललं. कांदा-लसूण न खाणारा प्राणी त्यांच्या दृष्टीने चातुर्मास पाळणारा ठरला. गॅलरीत जुनी इंडक्शन शेगडी आली, मनीचं वेगळं पातेलं आलं, आणि आमच्या मजल्यावर पहिल्यांदाच मांदेलीचा वास सुटला. शेजारच्यांनी काही विचारलं नाही, पण दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी कच्च्या मासळीबद्दल तुमचंच सांगितलं: काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, उकडलं की तो जातो. पण नुसत्या मासळीवर मांजर ठेवू नका, हेही बजावलं. टॉरिन नावाचा घटक मांजराला अन्नातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर हृदय सैल पडतं, हे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. तेव्हापासून मांजरांच्या तयार खाण्यात तो पुरेसा घालायची काळजी घेतात. मी हे तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही जरा नाराज झालात, मग म्हणालात, "शिकलेला हाय तो. घाल चिकन पण. पन रविवारी माजी मांदेली." तो तह अजून चालू आहे.

मनी व्यायली ती माझ्या साड्यांच्या खणात. तीन पिल्लं. दोन आठवड्यांनी तिने एकेकाला मानेला धरून गॅलरीत नेलं, मग लेकाच्या पलंगाखाली, मग परत खणात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, हिने आमच्या एकाच घरात सातही करून घेतली. तुम्ही जिना चढून बघायला आलात आणि पिवळ्याकडे लांबूनच बोट दाखवून म्हणालात, "ह्यो बोका." शेपूट उचलून बघायचीही गरज वाटली नाही. तुमच्या आईने शिकवलं होतं, पिवळा बहुतेक बोका आणि तिरंगी ती भाटी, म्हणजे मांजरी. मावशी, याचं पक्कं कारण २०२५ च्या मे महिन्यात छापून आलं. जपानमधल्या क्यूशू आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड अशा दोन विद्यापीठांतल्या गटांनी पिवळ्या रंगाचा जनुक शोधून काढला. तो एक्स गुणसूत्रावर आहे, आणि ते बोक्याकडे एकच असतं, भाटीकडे दोन, त्यामुळे बोक्याला एकदाच मिळाला तरी तो पिवळा होतो. भाटीला पूर्ण पिवळं व्हायला दोन्हीकडून लागतो, आणि एकीकडूनच मिळाला तर ती चट्ट्यापट्ट्यांची निघते. तिरंगी बोका फार क्वचित दिसतो तो म्हणूनच. कोळीवाड्यात हे आधीच माहीत होतं, कागदावर यायला वेळ लागला.

आभार मात्र मला पुढच्या गोष्टीचे मानायचे आहेत. पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते, दोन महिन्यांत पुन्हा तीन-चार, हे तुम्ही मला दर भेटीत ऐकवलंत. मी म्हणायचे, बघू. तुम्ही म्हणायचात, "बघू बघू करता करता ही तुज्या घरात कोलीवाडा करल." डॉक्टर म्हणाले, पिल्लं आठ-नऊ आठवड्यांची होऊन खायला लागली की आणा, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. उपाशी ठेवायचं तर संध्याकाळीच पकडून बाथरूममध्ये बंद करायला हवी. आमच्या घरातली चार माणसं आणि एक नवाकोरा पिंजरा, पण मनी त्या पिंजऱ्याच्या नुसत्या आवाजाने माळ्यावर जायची.

जुलै महिना होता, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तुमच्या पाटीत थोडी खाडीची मासळी आणि बाकी सुकट-बोंबील. धंदा मंद असतानाही दिवसभर बसून तुम्ही संध्याकाळी वर्सोव्याला परत जायच्या आधी आमचे दोन जिने चढलात. हातपाय धुतलेत. पिंजरा आडवा न ठेवता दार वर करून उभा केलात. मनीला नावाने नाही, बाजारात हाक मारायचात तशी "श् श् श्" केलंत आणि ती माळ्यावरून खाली आली! टॉवेल पाठीवरून टाकला, मानेमागे धरलं, मागचे पाय आधी आत. सगळं झालंच होतं, तेवढ्यात आमच्या मजल्यावरची लिफ्ट धाडकन बंद झाली आणि तिने वळून तुमच्या अंगठ्याखाली दात रुतवले.

तुम्ही हात सोडला नाहीत. दार लावून घेतलंत, मग म्हणालात, "साबन दे."

पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली साबणाने जखम धुतली आपण. तुम्ही हसत होता, "शिंगाल्याचा काटा लागू दे एकदा, मग समजंल दुखनं," असं मलाच समजावत होता, कारण रडत मी होते. पालिकेच्या दवाखान्यात रेबीजचं पहिलं इंजेक्शन त्याच रात्री घेतलंत, पुढची तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. ज्या हातावर तुमचं घर चालतं तो हात बांधून, वर रबरी मोजा चढवून, दुसऱ्या दिवशी तुम्ही सुकट निवडत बसला होतात. मी नुकसानीचं विचारलं तर तुम्ही विचारलंत, "तिला भूल उतरली काय?"

उतरली, मावशी. ऑपरेशन नीट झालं. दोन आठवडे ती घरातच होती, टाक्याला जीभ लागू नये म्हणून गळ्यात कॉलर घालून साऱ्या घरावर रागावलेली. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून डॉक्टरांनी डाव्या कानाचं टोक कापून दिलं. बिचारीचा कान, म्हणून सासूबाई हळहळल्या, पण तोच कान पुढे उपयोगी पडला. सोसायटीच्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी तिला "लांब कुठेतरी, आरे कॉलनीत सोडून या" असं सांगितलं, तेव्हा तुम्ही योगायोगाने फाटकाशी होतात. तुम्ही त्यांना जे म्हणालात ते मी नंतर अर्जात जवळजवळ तसंच लिहिलं. "हिला नेलं तर दुसरी येल, तिला कान कापलेला नसंल. मंग मोजत बसा पिल्लं." मी त्याला फक्त कायद्याची जोड दिली: प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि उपासमारीने हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. कायद्यापेक्षा तुमचं मोजणीचं वाक्यच त्यांना जास्त पटलं असं मला वाटतं. आता त्याच गृहस्थांच्या जिन्याखालच्या दोन भाट्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. खर्च त्यांनी अर्धा दिला, अर्धा आम्ही तीन घरांनी. पिंजरा माझा फिरतो. पकडायचं तंत्र मी सर्वांना दाखवते, त्यात उभा पिंजरा, जाड टॉवेल आणि कोपरापर्यंतचे चामडी मोजे असतात. मोजे मी तुमच्या हातामुळे आणले.

आता चार बायांचा हिशेब. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी, समोरच्या गल्लीतल्या शिकवणीच्या बाई आणि मनीच्या जुन्या बिल्डिंगमधून बोरिवलीला गेलेल्या एक काकू, अशा तिघींना सांगून झालं. काकूंकडे तिकडेही एक बोका राहायला आलाय. त्यांनी विचारलं, बोक्याचं पण करायचं का? करायचं. बोक्याची शस्त्रक्रिया सोपी असते आणि रात्रीची भांडणं, भिंतीवरचा उग्र वास दोन्ही कमी होतात. चौथी बाई हे पत्र वाचणारी कुणीतरी असेल.

तुमच्या नातीने काळ्या पिल्लाला नाव देऊन ठेवलंय हे मला माहीत आहे, ते आमच्याकडून कुणालाही दिलेलं नाही. तिरंगी शिकवणीच्या बाईंकडे गेली, पिवळा आमच्याकडेच राहील असं सासूबाईंनी जाहीर केलंय. काळीच्या दोन लशी झाल्या, तिसरी आणि रेबीजची नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात आहे. ती झाली की लशीचं कार्ड, खाण्याची पिशवी आणि काळी, सगळं घेऊन मी वर्सोव्याला येते. सहा महिन्यांची होण्याआधी तिच्याही शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची आहे. डॉक्टरांचा नंबर कार्डाच्या मागे लिहिलाय, आणि त्या दिवशी पकडायला मी येणार आहे, तुम्ही नाही.

तुमची,
मनीच्या घरची