ठाण्यातल्या तलावपाळीवरच्या त्या सगळ्यांचे आभार

माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. मागच्या मंगळवारी कडी काढून ती एकटीच बाहेर पडली. दोन तास आम्ही नौपाडा, गोखले रोड पालथा घातला. सापडली कौपिनेश्वर मंदिराजवळ, फिरायला आलेल्या ज्येष्ठांच्या घोळक्यात, हातात चहाचा कप. पायात कुणाची तरी चप्पल, दोन नंबर मोठी. बांगडीला बांधलेल्या पट्टीवरचा माझा नंबर त्यांनीच शोधून फोन केला होता.

त्यातल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू जेवलीस का गं?" पाच वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिथेच रडले. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनचा नंबरही त्यांनीच लिहून दिला. तुमच्या घरीही लिहून ठेवा. आता बुधवारी दुपारी त्यांच्यातलं कुणीतरी आईजवळ येऊन बसतं आणि मी दोन तास झोपते.

नावं लिहू नकोस, असं त्यांनी बजावलंय. पण मनापासून आभार! चप्पल देणारे काका मात्र मी पोहोचण्याआधीच अनवाणी निघून गेले. ती धुऊन ठेवली आहे, काका. रोज संध्याकाळी घेऊन येते.