बटणे पुरे, प्रश्न विचारायला शिकवा

मा. संपादक महोदय,

वडोदऱ्यातील शाळांत स्मार्ट बोर्ड बसल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचते. बोर्ड आले, चांगलेच झाले. तक्रार आहे ती त्यासोबतच्या प्रशिक्षणांविषयी. दिवसभर आम्हाला कोणते बटण कुठे आहे ते दाखवतात. त्या बोर्डावर मुलांना काय विचारायचे, हा विषय निघतच नाही. वर मुलांची 'बघून, ऐकून आणि करून शिकणारी' अशी वाटणी करणारी ऑनलाइन चाचणी घ्यायला सांगतात. अशा वाटणीप्रमाणे शिकवल्याने मुले जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही, हे मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅश्लर व सहकाऱ्यांनी २००८ सालीच दाखवून दिले आहे. आमच्या प्रशिक्षकांपर्यंत ते अजून पोचलेले दिसत नाही!

मी गुजराती माध्यमात विज्ञान शिकवते. दिव्यातून गेल्यावर वीजप्रवाह कमी होतो का, असे विचारले की निम्मा वर्ग छातीठोकपणे 'हो' म्हणतो. दिव्याने थोडी वीज खाल्ली, असे त्यांना वाटते; प्रत्यक्षात प्रवाह तेवढाच राहतो. कोणाला काय वाटते हे मला प्लिकर्स नावाच्या ॲपमुळे लगेच दिसते. मुलांकडे मोबाइल लागत नाही, फक्त एकेक छापील कार्ड. उत्तराप्रमाणे ते फिरवून धरायचे आणि मी माझ्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येक कार्डाची आकृती निराळी असल्याने शेजाऱ्याचे बघून काही साधत नाही. मग उत्तर न सांगता शेजाऱ्याशी वाद घालायला लावते आणि पुन्हा कार्डे वर. ही रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुळवली आणि तिचे दहा वर्षांचे निकाल २००१ मध्ये प्रसिद्ध केले. ॲप नसेल तर बोटे दाखवूनही चालते, पण प्रश्न मात्र नेमका हवा.

बडोद्याला साधनांचे अप्रूप नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभारले. त्या खात्यात मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणारे यंत्र) आणि सिनेमा दाखवणारी शाखाही होती. १९१३ मध्ये तिकडे एडिसन 'शाळेतली पुस्तके लवकरच बाद होणार' असे सांगत होते. इकडे संस्थानाने सिनेमाही दाखवला आणि पुस्तकांच्या पेट्याही खेड्यापाड्यांत धाडल्या.

आमचे मागणे लहान आहे. प्रशिक्षणाचा अर्धा वेळ विषयवार प्रश्न लिहिण्याला द्यावा. सयाजीराव विद्यापीठाची शिक्षणशास्त्र विद्याशाखा गावातच आहे. तिथल्या संशोधकांना बोलवावे. शोधगंगा या संकेतस्थळावर विद्यापीठांतले प्रबंध फुकट वाचायला मिळतात, पण ते चाळायला शिक्षकाला सवड कुठली? त्यातल्या कामाच्या गोष्टी दोन-दोन पानांत, गुजराती आणि मराठीत, शाळांना मिळाव्यात. प्रश्न लिहायला आम्ही रविवारीही येऊ, चहाची सोय तेवढी करावी.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा