शालनला पत्र: आपला मतदारसंघ कुणाचा?

प्रिय शालन,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. नातीने कॉलेजच्या प्रकल्पासाठी आपल्याकडच्या निवडणुकांचा विषय घेतला, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू. डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला मालवण-कुडाळची आठवण व्हावी, हेच पुष्कळ आहे. पण तू खाली लिहिलंयस की 'राण्यांचा मतदारसंघ, एवढं लिहिलं की झालं ना?' नाय झाला गो. वर्तमानपत्रं तसं लिहितात, टीव्हीवाले तसं बोलतात, म्हणून आपणही तसंच म्हणायचं का? मी सविस्तर लिहिते. तिला यातलं हवं ते घेऊ दे.

आधी तिला नकाशा दाखव. आजचा कुडाळ विधानसभा मतदारसंघ म्हणजे मालवण आणि कुडाळ हे दोन तालुके. देवबाग, तारकर्ली, आचऱ्याची किनारपट्टी, मधला मसुरे-कट्ट्याचा सडा आणि खाड्या, आणि वर माणगाव खोऱ्यातून थेट सह्याद्रीचा पायथा. एका टोकाला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणारे, दुसऱ्या टोकाला काजू-भाताची शेती करणारे. दोघांची दुखणी वेगळी, पण आमदार एकच. हे ध्यानात घेतलं नाही तर इथला एकही निकाल नीट समजत नाही.

आपल्या लहानपणी निवडणूक म्हटली की विधानसभेचं नावसुद्धा कुणी काढत नसे. सगळा जीव लोकसभेत. राजापूर लोकसभा म्हणजे बॅरिस्टर नाथ पै. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, 1957 मध्ये, वेंगुर्ल्याचा हा माणूस प्रजासमाजवादी पक्षातर्फे निवडून गेला, मग 1962 आणि 1967 लाही. 18 जानेवारी 1971 ला ते गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखी चूल बंद ठेवलेली घरं मला आठवतात. त्यांच्या जागी मधु दंडवते आले. ते जन्माने अहमदनगरचे, मुंबईत प्राध्यापक, इथे ना त्यांची वाडी ना भावकी. तरी 1971 पासून 1989 पर्यंत पाच वेळा आपण त्यांना निवडून दिलं. 1984 च्या राजीव लाटेतसुद्धा. जातीचं, गोताचं नसलेल्या माणसाला इतकी वर्षं पाठवणारे आपले लोक अडाणी होते, असं कुणी म्हटलं तर मला राग येतो.

आता एक गोष्ट नातीला ठळक लिहायला सांग. नोव्हेंबर 1989 मध्ये याच गावांनी दंडवत्यांना लोकसभेत पाठवलं. आणि तीनेक महिन्यांनी, फेब्रुवारी 1990 च्या विधानसभेत, मालवणमधून शिवसेनेचे नारायण राणे निवडून आले. तेच मतदार, त्याच शाळा, त्याच मतपेट्या. लोकांनी दोन्ही निवडणुकांचा वेगवेगळा विचार केला. दिल्लीला अभ्यासू माणूस हवा आणि मुंबईला आपल्या पोरांची कामं करणारा हवा, असा तो हिशेब होता.

तो हिशेब कुठून आला, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुझे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर आपल्या गावांच्या मनीऑर्डरी आटल्या. काही जण बिऱ्हाड आवरून गावी आले. समाजवाद्यांची सभा वर्षातून एकदा होई, पण शिवसेनेची मुंबईतली शाखा रोज उघडी असे. रुग्णालयातली खाट, मुलाचा शाळेतला प्रवेश, नोकरीची चिठ्ठी, सगळं तिथे. ती शाखा चाकरमान्यांबरोबर एसटीत बसून गणपतीला गावी आली. राणे मूळचे कणकवलीजवळच्या वरवड्याचे, पण राजकारणात वर आले ते चेंबूरचे नगरसेवक आणि बेस्ट समितीचे अध्यक्ष म्हणून. म्हणजे आपला आमदारसुद्धा मुंबईत घडला आणि इथे उभा राहिला. आणि 1991 मध्ये दंडवते हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत, लष्करातून आलेले, जिंकले. ज्या कोकण रेल्वेसाठी दंडवत्यांनी आयुष्य वेचलं, तिचं महामंडळ आदल्याच वर्षी, ते अर्थमंत्री असताना स्थापन झालं होतं. 26 जानेवारी 1998 ला गाडी रोह्यापासून मंगळुरूकडे पूर्ण मार्गावर धावली तेव्हा इथला खासदार दुसराच होता. मला आजही वाटतं, तो पराभव आपण त्यांना द्यायला नको होता.

राण्यांची कारकीर्द नातीला कुठेही मिळेल, म्हणून भराभर सांगते. 1990, 1995, 1999, 2004, चारही वेळा मालवण. 1 फेब्रुवारी 1999 ला ते मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत राहिले. 2005 मध्ये त्यांनी शिवसेना सोडली, काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक लढवली. सगळी मुंबई त्या वेळी मालवणात उतरली होती. गल्लीबोळांत पोलीस, हॉटेलं भरलेली, रोज कुठल्या तरी मोठ्या नेत्याची सभा. निकाल काय लागला? राणे मोठ्या फरकाने आले आणि शिवसेनेच्या परशुराम उपरकरांची अनामत रक्कम जप्त झाली. पंधरा वर्षं धनुष्यबाणावर शिक्का मारणाऱ्या गावांनी त्या दिवशी हाताच्या पंजावर मत दिलं. तेव्हापासून 'माणूस मोठा, पक्ष लहान' असं सगळे म्हणायला लागले.

पण ते खरं असतं तर 2014 झालं नसतं. 2009 मध्ये, मालवण मतदारसंघ जाऊन झालेल्या नव्या कुडाळ मतदारसंघातून राण्यांनी शिवसेनेच्या वैभव नाईकांना हरवलं होतं, आणि 15 ऑक्टोबर 2014 च्या मतदानात त्याच नाईकांनी राण्यांना दहा हजारांहून जास्त मतांनी पाडलं. माजी मुख्यमंत्री आपल्याच घरच्या मतदारसंघात हरला. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी वांद्रे पूर्वची पोटनिवडणूक लढवली, जिथे आपले चाकरमानी दाटीने राहतात, आणि तिथेही ते तृप्ती सावंतांकडून हरले.

या 2014 च्या निकालामागे समुद्र होता, शालन, आणि हे नातीने बंदरावर येऊन ऐकावं. पर्ससीनवाल्यांच्या मोठ्या जाळ्यांनी किनाऱ्यालगतचा मासा उचलला की रापणवाल्यांच्या आणि छोट्या होडीवाल्यांच्या हाती काही उरत नाही. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्य सरकारच्या अखत्यारीत येते, 1981 च्या कायद्याने. म्हणून मालवणच्या दांडीवरच्या मच्छीमाराला खासदारापेक्षा आमदार जवळचा वाटतो. तो आपल्या बाजूने बोलतो की ट्रॉलरवाल्यांच्या, हे तो डोळ्यांत तेल घालून बघतो. 5 फेब्रुवारी 2016 ला राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, 2017 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, 2021 मध्ये राज्याने दंड वाढवले. कागदावर सगळं झालं. रात्री समुद्रात दिवे दिसतात ते दिसतातच. माझ्या मते इथल्या कुठल्याही घराण्याच्या भांडणापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि प्रचाराच्या भाषणांत त्याला पाच मिनिटंही मिळत नाहीत.

2019 ला नाईक पुन्हा आले, राण्यांचा पाठिंबा असलेल्या रणजित देसाईंना हरवून. मग शिवसेना फुटली. नाईक उद्धव ठाकरेंबरोबर राहिले, शेजारच्या सावंतवाडीचे आमदार केसरकर एकनाथ शिंद्यांकडे गेले, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण शिंद्यांना दिला. यानंतर जे झालं ते समजवायला मला आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांजवळ बसावं लागलं. 2014 मध्ये राण्यांना ज्या धनुष्यबाणाने हरवलं, तोच धनुष्यबाण घेऊन 2024 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे चिरंजीव नीलेश राणे उभे. आणि ज्या नाईकांनी तो दोनदा जिंकून दिला, त्यांच्या हाती ठाकरेंच्या पक्षाची नवी निशाणी, मशाल. एका आजींनी मला विचारलं, "बाय, आपलो बाण आता खयचो?" मी काय सांगणार? नीलेश राणे आठेक हजारांच्या फरकाने जिंकले. त्याआधी ऑगस्टमध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला होता, उद्घाटनाला पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. मालवणातल्या माणसाला त्या दिवशी किती लाज वाटली ते शब्दांत येणार नाही. तरी निकाल त्या एका रागावर ठरला नाही. लोक इथेही सगळं मोजून मत देतात. कोण हाकेला येतो, कोण सत्तेत आहे, कुणाचा मुलगा कुणाकडे कामाला आहे.

इथपर्यंतचं सगळं नातीला कुणीही सांगेल. आता जे कुणी सांगणार नाही ते सांगते.

मी शाळेत नोकरीला असताना निवडणुकीच्या ड्युटीवर केंद्रात पुष्कळदा बसले. ऑक्टोबर म्हणजे भातकापणी. सकाळी सातला रांगेत सगळ्या बायका. कोयता घरी ठेवून, पोरं सासूकडे देऊन आलेल्या. दहाच्या आत मत देऊन परत मळ्यात. पुरुषांच्या रांगेत म्हातारे, आणि आदल्या रात्री मुंबईहून भरून आणलेल्या गाड्यांतून उतरलेले, झोपाळलेले चाकरमानी. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे 1,036 बायका होत्या. आपला जिल्हा बायकांनी धरून ठेवलाय. कोणाला मत दिलं असं विचारलं तर हसून म्हणतात, "ता सांगूचा नसता." त्यांची मतं निर्णायक, हे प्रत्येक उमेदवार ओळखतो. पण 1990 पासून आजपर्यंत मालवण म्हण, कुडाळ म्हण, एकही बाई इथून आमदार झाली नाही. दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाताई 1980 मध्ये लोकसभेत गेल्या, पण त्याही मुंबईतून.

दुसरी गोष्ट. 2001 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये 8,49,651. वाढायची ती घटली. शेजारच्या रत्नागिरीचीही घटली. 2008 च्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यातल्या जागा कमी होऊन तीन उरल्या: कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. मालवण हे नाव विधानसभेच्या यादीतून गेलं, राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेलं. नाथ पै-दंडवत्यांचा मतदारसंघ आज शोधून सापडत नाही. आणि पुढची जनगणना 2027 मध्ये आहे, त्यानंतर पुन्हा पुनर्रचना. माणसं कमी तर आमदार कमी, हे साधं गणित. आपण हाक मारायला उरलो नाही तर ऐकणाराही उरणार नाही.

याच जनगणनेला आणखी एक गाठ आहे. 2023 च्या 106व्या घटनादुरुस्तीने विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या, पण त्या लागू व्हायच्या जनगणना आणि पुनर्रचनेनंतर. म्हणजे जी पुनर्रचना आपल्याकडून काही हिरावू शकते, तीच कदाचित इथे पहिली बाई आमदार देईल. मी तेव्हा असेन, नसेन. पण मला ती बघायची आहे गो, मनापासून. बंदरावर लिलावात पुरुषांच्या बरोबरीने भाव बोलणारी, नाही तर बचत गट चालवणारी कुणीतरी.

आता तुझ्या भावाबद्दल. त्याचं नाव अजून गावच्या यादीत आहे, दरवेळी पक्षाच्या गाडीतून येऊन मत देऊन जातो, असं तू कौतुकाने लिहिलंस. राग मानू नकोस, पण हे मला पटत नाही. कायदाही सांगतो की नुसतं गावात घर आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी होत नाही, आणि नाव एकाच ठिकाणी असायला हवं. गावात पाणी येतं की नाही, डॉक्टर आहे की नाही, हे वर्षभर सोसणाऱ्या बाईच्या मताइतकंच वजन दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाच्या मताला मिळतं. जवळच्या लढतीत त्याने पारडं फिरू शकतं. त्याला 8 नंबरचा फॉर्म भरून नाव डोंबिवलीला न्यायला सांग. आणि निवृत्तीनंतर इकडे कायमचं यायचं त्याच्या मनात खरंच असेल, तर जनगणनेच्या आधी ये म्हणावं, इथे मोजला जा आणि मग हक्काने इथे मत दे. तशी माणसं आम्हाला हवीच आहेत.

नातीला मे महिन्यात पाठव. माझ्याकडे राहील. आधी तिला निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून प्रत्येक निवडणुकीचे आकडे काढून आणायला सांग. केंद्रावार मतं मिळाली तर फारच बरं, म्हणजे बंदर आणि खोरं कसं वेगळं बोलतं ते तिला दिसेल. मग मी तिला संध्याकाळी मालवण बंदरावर आणि एक दिवस माणगावला नेईन. प्रश्न तिने बायकांना विचारायचे, गावच्या पुढाऱ्याला नाही.

भाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का, ते कळव. काकींना माझा नमस्कार सांग. कोकम आणि कुळीथ पीठ गणपतीला येणाऱ्या कुणाबरोबर पाठवते.

तुझी,
कुंदा